परातीतला ट्रक

लहानपणीचे जुने खेळणे विस्मरण झालेल्या ज्येष्ठासमोर ठेवले, तर काय होते? एका डॉक्टरच्या घरातील अनुभव, आणि त्यातून शुश्रूषा करणाऱ्यांनी घेण्याजोगे काही.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर एखादा पत्र्याचा डबा असतो. त्यात काय आहे हे घरातील एखाद्यालाच ठाऊक असते आणि तो टाकून देण्याचा विषय निघाला की तीच व्यक्ती ‘राहू दे’ म्हणते. आमच्या सांगलीच्या घरात असा एक डबा आहे. त्यात प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा एक मालट्रक आहे. खरे तर ट्रक नाही, ट्रकचे सुटे भाग आहेत. लाल केबिन, पिवळा हौदा आणि काळी रबरी चाके. १९७९ च्या दिवाळीत तो साताऱ्यात आमच्या घरी आला, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात मी तो डबा पुन्हा उघडला, तेव्हा माझे वय पंचावन्नच्या घरात होते आणि तो ज्यांच्यासाठी उघडला, त्या माझ्या वडिलांचे ८३.

मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. मेंदूविकारांचा तज्ज्ञ नाही. तरीही हा अनुभव लिहितो आहे, कारण माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अनेक घरांत आज हाच प्रश्न आहे: आईला किंवा वडिलांना आता काही आठवत नाही, तर दिवसभर त्यांच्याशी बोलायचे काय आणि करायचे काय?

ट्रक साताऱ्यात कसा आला

माझे मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी तो खोका आणला. त्यावर ‘लेगो’ असे नाव होते. साताऱ्यात तेव्हा ते कोणी ऐकले नव्हते. आमच्या गल्लीतील मुलांची वाहने म्हणजे सायकलची जुनी टायर, बेअरिंगची गाडी आणि फार तर जत्रेतली लाकडी मोटार.

या ठोकळ्यांचा इतिहास मला पुष्कळ नंतर कळला. डेन्मार्कमधील बिलुंड या लहान गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाचे सुतार होते. १९३२ मध्ये त्यांनी लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. ‘लेगो’ हे नाव ‘चांगले खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून घेतलेले आहे. आजच्या ठोकळ्याच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज झाला तो २८ जानेवारी १९५८ रोजी. वर खुंट्या आणि आत पोकळ नळ्या, एवढीच ती युक्ती. पण त्यामुळे दोन ठोकळे एकमेकांना घट्ट धरतात आणि हाताने सोडवताही येतात. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही बसतो. चाके आली १९६२ मध्ये, आणि मग ठोकळ्यांच्या घरांबरोबर ठोकळ्यांच्या गाड्याही धावू लागल्या.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एस.टी.च्या साताऱ्यातील कार्यशाळेत मेकॅनिक होते. विसाव्या वर्षी हेल्पर म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. गाडी लेलँडची की टाटाची, हे ते घरात बसून रस्त्यावरच्या आवाजावरून सांगत. त्यांच्या बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचे मुरलेले होते. दिवाळीच्या त्या सकाळी त्यांनी खोक्यातला चित्रांचा कागद बाजूला ठेवला, ठोकळे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि मला म्हणाले, “चासी आधी बांधायची. केबिन मागनं.” तो ट्रक आम्ही दोघांनी बांधला. सत्य सांगायचे तर त्यांनी बांधला आणि मी ठोकळे हातात दिले.

पुढच्या उन्हाळ्यात एका चाकाची धातूची बारीक आस निघाली आणि अंगणातल्या मातीत हरवली. मी रडत बसलो. आबांनी सायकलच्या तुटक्या स्पोकचा तुकडा पकडीने तोडला, कानशीने घासला आणि चाकात बसवला. चाक फिरू लागले, पण किंचित लंगडत. मोठेपणी मी तो ट्रक विसरलो. आईने मात्र तो पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता.

पूर आणि विस्मरण

शिक्षण संपल्यावर मी सांगलीत दवाखाना सुरू केला. २०१६ मध्ये आई गेली आणि आबा साताऱ्याचे घर बंद करून आमच्याकडे आले. येताना एक मोठी ट्रंक आणली. तिच्यात लग्नाचे आणि कार्यशाळेतील सहकाऱ्यांचे फोटो, निवृत्तीच्या समारंभाचा अल्बम, आईच्या दोन साड्या आणि हा डबा होता. ट्रंक तळमजल्यावर ठेवली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आलेला पूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वेळी पाणी पन्नास फुटांच्याही बरेच वर गेले. आमचा तळमजला बुडाला. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तर फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा चिखल झाला होता. एकही चेहरा ओळखू येत नव्हता. डबा गंजला होता, पण आतले ठोकळे धुतल्यावर जसेच्या तसे निघाले. पत्नीने ते वाळवले, नव्या डब्यात भरले आणि माळ्यावर ठेवून दिले.

त्यानंतर वर्षभराने आबा विसरू लागले. एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागले. गणपतीच्या देवळातून परतताना एकदा नेहमीची गल्ली चुकले. येथे मला एक कबुली दिली पाहिजे. रोज इतरांच्या आईवडिलांना तपासणारा मी, स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत जवळजवळ दीड वर्ष ‘वय झाले’ असे म्हणत राहिलो. अखेर पत्नीने आग्रह धरला म्हणून त्यांना मिरजेत मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. तपासण्या झाल्या आणि अल्झायमर असल्याचे निदान झाले.

पुढील काळात सर्वांत कठीण ठरली ती संध्याकाळ. साडेपाच वाजले की आबा टोपी घालून दारापाशी उभे राहत. “ड्यूटीवर जायचंय,” म्हणत. समजावले की चिडत. एकदा ते खरोखरच निघून गेले आणि दोन तासांनी एस.टी. स्टँडवर सापडले. त्यानंतर आम्ही दाराला आतून वेगळी कडी बसवली. तिसऱ्या दिवशी पाहतो तर कडीचे तीन स्क्रू काढून उंबऱ्यावर ओळीने ठेवलेले होते. चौथा ते चमच्याच्या दांड्याने काढत होते. ज्यांना सकाळचा नाश्ता आठवत नव्हता, त्यांचे हात स्क्रू सोडवण्याचे विसरलेले नव्हते. ही किती मोठी खूण होती! मी मात्र त्यातून एवढाच बोध घेतला, की कडी आणखी मजबूत हवी.

मी घेतलेली परीक्षा

जुन्या वस्तू, फोटो आणि गाणी यांच्या साहाय्याने ज्येष्ठांना गतकाळाविषयी बोलते करावे, असे मी वाचले होते. फोटो पुरात गेले होते. म्हणून मला तो डबा आठवला. एका रविवारी मी ठोकळे टेबलावर मांडले, शेजारी मोबाइलवर तसल्याच एका ट्रकचे चित्र ठेवले आणि आबांना समोर बसवले.

“आबा, ओळखा पाहू, हे काय आहे?”

ते गप्प. “मामांनी आणला होता बघा, दिवाळीला. आठवतंय? कोणत्या घरात राहत होतो आपण तेव्हा?”

त्यांनी ठोकळ्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ओशाळून हसले. उत्तर येत नसलेला शाळकरी मुलगा हसतो तसे ते हसू होते. मी पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी हाताने ठोकळे दूर सारले आणि उठून खोलीत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मी त्यांना आठवण द्यायला गेलो होतो आणि प्रत्यक्षात परीक्षा घेऊन आलो. विस्मरण झालेल्या माणसाला काय आठवत नाही, हे कळत नसले, तरी आपल्याला काहीतरी यायला हवे होते आणि आले नाही, हे त्याला पुष्कळदा कळते. तो अपमान लक्षात राहत नाही, पण त्याचा सल मनात बराच वेळ टिकतो.

मावशींनी काय केले

आबांची देखभाल करायला दिवसा एक मावशी येतात. त्या मिरज तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. शाळा चौथीपर्यंत. दोन दिवसांनी त्यांनी टेबलावर तसेच पडलेले ठोकळे पाहिले, स्वयंपाकघरातून मोठी परात आणली, ठोकळे तिच्यात ओतले आणि आबांच्या शेजारी बसून निवडायला लागल्या. तांदूळ निवडावेत तसे. लाल एका बाजूला, पिवळे दुसऱ्या. आबांना त्यांनी काहीच विचारले नाही. फक्त परात दोघांच्या मध्ये राहील अशी सरकवली.

मी दवाखान्यातून आलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. आबा दारापाशी नव्हते. परातीवर वाकून बसले होते. लाल आणि पिवळे ठोकळे निवडून झाले होते, आणि चार लांब ठोकळे एकमेकांत बसवून त्यांनी एक पट्टी तयार केली होती. ती चासी होती.

मी काही न बोलता समोर बसलो. त्यांनी एकेक चाक उचलून बोटाने फिरवून पाहिले. तिसरे चाक फिरवताना ते थांबले. पुन्हा फिरवले. कानाशी नेले. मग म्हणाले, “हे लंगडतंय. आत तार हाय. सायकलची. मीच घातलीया.”

ट्रक कोणी आणला, कोणासाठी आणला, हे त्यांना आठवले नाही. मी कोण, हेही त्या क्षणी ठाऊक नसावे, कारण पुढच्याच क्षणी ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “ए पोरा, पक्कड आण.”

कार्यशाळेत हाताखालच्या मुलांना ते असेच सांगत असणार. मी उठलो आणि पक्कड आणून दिली.

मग मला जे उमगले, ते या लेखाचे सार आहे. खेळणे माझे होते. त्या खेळण्यामागची आठवण त्यांची होती. मी त्यांच्यासमोर माझे बालपण मांडले होते आणि ते त्यांना ओळखता आले नाही. मावशींनी त्यांच्यासमोर काम मांडले, आणि काम त्यांच्या हातांनी ओळखले.

हात का विसरत नाहीत

स्मृती ही एकच वस्तू नाही. काल काय घडले, कोण आले, काय खाल्ले ही प्रसंगांची स्मृती. ती साठवण्यासाठी मेंदूच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग आवश्यक असतो आणि अल्झायमरमध्ये बहुधा तोच लवकर बिघडतो. सायकल चालवणे, पोळी लाटणे, पाना फिरवणे ही कौशल्याची स्मृती. ती मुख्यतः मेंदूच्या इतर भागांवर, म्हणजे बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूवर, अवलंबून असते आणि पुष्कळ रुग्णांत ती बराच काळ टिकते.

हे वैद्यकशास्त्राला एका अमेरिकी रुग्णाने शिकवले. हेन्री मोलेसन यांच्यावर फेफऱ्यासाठी १९५३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला गेला. त्यानंतर त्यांना नवे काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात चांगला बसला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्यांना एकदाही आठवले नाही. हात शिकला होता, माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

दुसरी गोष्ट अशी, की उतारवयात मागे वळून पाहताना साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे येतात. १९७९ मध्ये आबा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्या आयुष्याचा ठळक काळ हा माझ्या ट्रकचा नव्हे, तर त्याआधीचा, कार्यशाळेत हात तयार झाला तो होता. घरातील ज्येष्ठासाठी वस्तू निवडताना आपण पुष्कळदा हीच चूक करतो. आपल्याला प्रिय असलेली वस्तू त्यांच्यासमोर ठेवतो.

याने काय होते, काय होत नाही

आठवणींना उजाळा देणे हे वार्धक्यातील निरर्थक रेंगाळणे नसून मनाचे आवश्यक काम आहे, हा विचार अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडला. त्यातून पुढे स्मरणोपचाराची पद्धत वाढली. कोक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये त्यावरील प्रयोगांचा आढावा घेतला. निष्कर्ष संयत होता: काही रुग्णांत जीवनमान, संवाद आणि मनःस्थिती यांत सुधारणा दिसते, पण ती थोडी असते आणि सर्वत्र सारखी दिसत नाही.

आमच्या घरीही तसेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना ट्रक आठवत नव्हता. काही संध्याकाळी ते परातीपाशी चाळीस मिनिटे रमतात, काही संध्याकाळी पाच मिनिटांत उठतात, आणि काही संध्याकाळी टोपी घालून दारापाशीच उभे राहतात. आजार पुढे सरकतो आहे. ठोकळे त्याला थांबवणार नाहीत, आणि कोणत्याही खेळण्याने विस्मरण बरे होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण ज्या संध्याकाळी ते रमतात, त्या संध्याकाळी घरात कोणी कोणाला अडवत नाही. त्यांची ड्यूटी घरातच लागलेली असते.

आपल्या घरी करून पाहायचे असेल तर

महागडे खेळणे विकत आणण्याची मुळीच गरज नाही. आपल्या ज्येष्ठांच्या हातांनी वीस-तीस वर्षांच्या वयात काय केले, हे आधी आठवा. शिंपीकाम केलेल्यांना बटणे आणि कापडाचे तुकडे, शेतकऱ्याला शेंगा फोडायला, हळदीच्या पेठेत वजनकाटा सांभाळलेल्याला लहान तराजू. घरकामात आयुष्य गेलेल्या आजींना भातुकलीची पितळी भांडी घासायला, वाती वळायला, मेथी निवडायला द्यावी. सावंतवाडीची लाकडी खेळणी, पत्र्याच्या भोकांच्या पट्ट्या आणि नटबोल्टचे संच, सागरगोटे, गोट्या यांपैकी जे त्यांच्या ओळखीचे असेल ते घ्यावे.

बांधण्याच्या खेळासाठी घरचे साहित्यही पुरते. पुण्यात टेल्कोमध्ये ट्रक बनवण्याची नोकरी सोडून विज्ञानशिक्षणाकडे वळलेले अभियंता अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून उभा केलेला ‘मेकॅनो’ प्रसिद्ध आहे. नातवंडांनी तो आजोबांबरोबर बसून करावा. आगीचा धोका नको म्हणून काड्यांची गुले आधी काढून टाकावीत.

पुढील गोष्टी आम्ही चुकत शिकलो:

• प्रश्न विचारू नका. “आठवतं का?” हे दोन शब्द टाळा. स्वतः काम सुरू करा आणि त्यांना जागा करून द्या.

• चूक दुरुस्त करू नका. चाक छतावर बसवले तरी चालेल. ट्रक पूर्ण होणे हा हेतू नाही.

• वेळ ठरलेली ठेवा. अस्वस्थता ज्या वेळी वाढते, त्याच्या अर्धा तास आधी बसावे. टीव्ही बंद, उजेड भरपूर, चष्मा आणि श्रवणयंत्र जागेवर.

• काठाची परात किंवा मोठे ताट घ्या. वस्तू घरंगळत नाहीत आणि जमिनीवर सांडलेल्या ठोकळ्यावरून पाय घसरण्याचा धोका टळतो. पृष्ठभागाचा रंग आणि वस्तूचा रंग वेगळा असला, तर कमी दिसणाऱ्यांना सोपे जाते.

• बोटांचे सांधे दुखत असतील, तर मोठे ठोकळे घ्या. लेगोचेच ‘डुप्लो’ ठोकळे लांबी, रुंदी आणि उंचीला दुप्पट असतात. सकाळी बोटे आखडत असतील, तर आधी कोमट पाण्यात हात बुडवून घ्यावेत.

• आजार पुढच्या टप्प्यात असेल, तर काही रुग्ण वस्तू तोंडात घालतात. अशा वेळी लहान भाग, मणी आणि विशेषतः बटणासारख्या चपट्या बॅटरी अजिबात जवळ ठेवू नयेत. हेच तीन वर्षांखालील नातवंडांनाही लागू आहे.

• प्लास्टिकचे जुने ठोकळे कोमट पाण्यात साबणाने धुवावेत. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, नाही तर आकार बिघडतो. जुन्या लाकडी किंवा पत्र्याच्या खेळण्यांचा रंग सुटत असेल, तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते. ती मुलांच्या हाती देऊ नयेत.

• थकवा किंवा चिडचिड दिसताच थांबा. “उरलेलं उद्या करू,” एवढे म्हणणे पुरे.

खेळण्याआधी डॉक्टर

माझी चूक आपण करू नका. दैनंदिन व्यवहार अडू लागेल इतके विस्मरण हे केवळ वयामुळे नसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील शंभरातील सुमारे सात व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. एकच प्रश्न वारंवार विचारणे, ओळखीचा रस्ता चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, नेहमीचा स्वयंपाक बिघडणे, स्वभाव बदलणे, यांपैकी काही दिसले तर तपासणी करून घ्यावी.

विस्मरणाची काही कारणे उपचाराने सुधारू शकतात: ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी ज्येष्ठांत नेहमी आढळते, थायरॉइडची कमतरता, नैराश्य, ऐकू न येणे, झोपेची, सर्दीची किंवा खाजेची काही औषधे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून न्यावीत. आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ, बडबड किंवा गुंगी आली, तर तो विस्मरणाचा आजार समजून वाट पाहू नये. संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, लघवी तुंबणे, साखर कमी होणे, पक्षाघात अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घराबाहेर पडणाऱ्या ज्येष्ठांच्या खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी ‘एल्डरलाइन’ १४५६७ या क्रमांकावर मिळते. आणि शुश्रूषा करणाऱ्या लेकीसुनांनो, मुलांनो, स्वतःची झोप, रक्तदाब आणि आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी यांची लाज बाळगू नका. थकलेल्या माणसाकडे परात घेऊन बसण्याइतका धीर उरत नाही.

आता आमच्या दाराला कडी आहे, पण साडेपाच वाजता मावशी परात काढतात. मावशी नसतील त्या दिवशी मी दवाखान्यातून लवकर येतो. ट्रक बांधून झाला की आबा लंगडे चाक बोटाने फिरवतात आणि तार कोणी घातली ते मला सांगतात. मी ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतो. रात्री ते झोपल्यावर मी ट्रक पुन्हा सुटा करतो आणि ठोकळे डब्यात भरून ठेवतो, कारण उद्या त्यांना कामावर जायचे असते.